दवाखान्यात संगणकप्रणाली आणताना: खरेदीच्या आधी काय, नंतर काय

दवाखान्यात संगणकप्रणाली आणायची ठरली की बहुतेक ठिकाणी सगळ्यात आधी होते ती खरेदी. मग दोन दिवसांचं प्रशिक्षण, आणि एका सोमवारी कागद बंद. तीन महिन्यांनी जाऊन पाहावं तर टेबलावर संगणक असतो, त्याच्या शेजारी एक वही असते, आणि खरी माहिती त्या वहीत असते. खापर सॉफ्टवेअरवर फुटतं. सॉफ्टवेअर वाईट असतंही कधीकधी, पण मी जवळून पाहिलेल्या ठिकाणी बहुतेक वेळा चुकला होता तो कामांचा क्रम.

म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. एका डॉक्टरच्या दवाखान्यापासून शंभरेक खाटांच्या रुग्णालयापर्यंत तो लागू पडेल. खरेदी यात पाचव्या पायरीवर आहे, आणि ते मुद्दाम आहे.

## पायरी १: रुग्णाच्या मागे चाला

एक सकाळ काढा. हातात कागद-पेन घ्या आणि रुग्ण दारातून आत आल्यापासून औषध घेऊन बाहेर पडेपर्यंत त्याच्या मागे फिरा. कोणी नाव विचारलं, किती वेळा विचारलं, कोणी लिहिलं, ते पुन्हा कोणी उतरवून काढलं, केसपेपर कुठे पडून राहिला, सगळं टिपा. निदान पाच प्रकारचे रुग्ण घ्या: नवा, फेरतपासणीला आलेला, तातडीचा, लहान मूल, आणि जुने कागद हरवून आलेला.

एका दवाखान्यात मी पाहिलं, सिस्टर बीपी मोजून तो आकडा हातमोज्यावर लिहीत होत्या आणि पंधरा मिनिटांनी केसपेपरवर उतरवत होत्या. कारण साधं होतं. त्यांच्याकडे रुग्ण पोहोचेपर्यंत केसपेपर डॉक्टरांच्या खोलीत गेलेला असायचा. तिथे नवा संगणक बसवायचं ठरलं होतं, तेही डॉक्टरांच्याच खोलीत. तसं झालं असतं तर आकडा हातमोज्यावरच राहिला असता. स्क्रीन हवा होता बीपीच्या यंत्रापाशी.

सकाळच्या शेवटी तुमच्या हातात एक तक्ता हवा: कोणती माहिती, ती कोण निर्माण करतं, ती कोण वापरतं, आणि कधी. जी माहिती कोणीच वापरत नाही ती नव्या प्रणालीत आणू नका. कागदावर ती नुसती जागा अडवते. संगणकात ती रोज शंभरदा भरावी लागते.

तपासा: हा तक्ता नोंदणीच्या खिडकीवरच्या माणसाला दाखवा. तो हसला, तर तुम्ही प्रत्यक्षात काय होतं ते न टिपता काय व्हायला हवं ते टिपलं आहे. दुसरी सकाळ काढा.

## पायरी २: आजचा आकडा लिहून ठेवा

सुधारणा नेमकी कशात हवी ते ठरवा; एक किंवा दोनच गोष्टी. नोंदणीपासून डॉक्टर भेटेपर्यंतचा वेळ, दिवसात न सापडलेल्या फायली, रिपोर्ट हरवल्याने पुन्हा केलेल्या तपासण्या, असं काहीतरी मोजता येणारं. दोन आठवडे मोजा आणि तारीख घालून ठेवून द्या. हे न करता पुढे गेलात तर वर्षभरानंतर प्रणाली उपयोगी पडली की नाही यावर फक्त वाद होतो.

## पायरी ३: एक रुग्ण, एक क्रमांक

ही पायरी कंटाळवाणी आहे, आणि सगळ्यात जास्त नुकसान हीच टाळल्याने होतं.

दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली: एकाच माणसाच्या दोन नोंदी. एकदा ‘दीपक’ म्हणून, एकदा ‘दिपक’ म्हणून. लग्नाआधीच्या आडनावाने एक आणि नंतरच्या आडनावाने दुसरी. पेनिसिलिनची ॲलर्जी पहिल्या नोंदीत राहते आणि औषध दुसऱ्या नोंदीवर लिहिलं जातं. दुसरी चूक याहून वाईट: दोन माणसांची एकच नोंद. ती बाहेरून नीटनेटकी दिसते, म्हणून कोणाला संशयही येत नाही. एकाचा मधुमेह दुसऱ्याच्या माथी, आणि एकदा मिसळलेली माहिती वेगळी काढणं जवळपास अशक्य.

नियम असे लावा:

१. नवी नोंद करण्याआधी शोध घेतलाच पाहिजे, आणि तोही दोन वेगळ्या मार्गांनी. एकदा नावाची पहिली दोन-तीन अक्षरं आणि जन्मवर्ष घालून, एकदा फोन क्रमांकाने. पूर्ण नाव टाइप करून शोधलं तर ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने जुनी नोंद सापडतच नाही.

२. फोन क्रमांक शोधायला चांगला, ओळख म्हणून वाईट. अख्ख्या घराचा एकच क्रमांक असू शकतो आणि तो बदलतोही.

३. जन्मतारीख माहीत नसेल तर १ जानेवारी टाकू नका. ‘अंदाजे वर्ष’ असा वेगळा रकाना ठेवा. नाहीतर यादीत १ जानेवारीला जन्मलेल्यांची रीघ लागते आणि जन्मतारखेने ओळख पटवणं निरुपयोगी ठरतं.

४. नवजात बाळाला नाव नसतं. त्याला आईच्या नोंदीत घालू नका; स्वतंत्र क्रमांक द्या आणि आईच्या नोंदीशी जोडा. जुळं असेल तर जन्मक्रम लिहाच.

५. दोन नोंदी एकत्र करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला असावा, आणि केलेलं एकत्रीकरण मागे घेता यावं.

इशारा: ओळख विचारताना “तुम्ही अमुक ना?” असं विचारू नका. घाबरलेला, कमी ऐकू येणारा किंवा नुसता कंटाळलेला माणूस “हो” म्हणून मोकळा होतो. “तुमचं पूर्ण नाव सांगा, जन्मतारीख सांगा,” असं विचारा आणि उत्तर स्क्रीनशी ताडून पाहा.

## पायरी ४: शब्द आणि एककं आधी ठरवा

२०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका रुग्णालयात १६ वर्षांच्या मुलाला एका प्रतिजैविकाची एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. त्याला दिल्या गेल्या साडेअडतीस गोळ्या. मुलाचं वजन ३८.६ किलो. डोसच्या चौकोनात १६० लिहिलं गेलं, पण त्या चौकोनाचं एकक त्या वेळी ‘मिलिग्रॅम’ नव्हतं, ‘दर किलोला मिलिग्रॅम’ होतं. संगणकाने गुणाकार केला. इशारा आला, तो बाजूला सारला गेला. औषधं बांधणाऱ्या यंत्राने साडेअडतीस गोळ्या बिनचूक मोजल्या. नर्सने बारकोड तपासला, आणि बारकोडने सांगितलं की ऑर्डरप्रमाणे सगळं बरोबर आहे. मुलाला झटके आले, तो वाचला. त्या साखळीतलं प्रत्येक यंत्र आपापलं काम चोख करत होतं. चूक होती ती एका चौकोनातल्या एककाची.

म्हणून सॉफ्टवेअर पाहायला जाण्याआधी हे एका पानावर लिहून काढा:

वजन फक्त किलोत. डोसच्या प्रत्येक चौकोनाशेजारी एकक कायम दिसलं पाहिजे, आणि एकाच चौकोनाचं एकक परिस्थितीनुसार बदलता कामा नये. ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, ५ लिहायचं, ५.० नाही. बिंदू दिसला नाही की पहिल्या ठिकाणी डोस दसपट होतो, दुसऱ्या ठिकाणीही दसपटच. मायक्रोग्रॅम आणि युनिट हे शब्द पूर्ण लिहायचे, संक्षेप नाही.

रक्तातली साखर कोणत्या एककात? मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर आणि मिलिमोल प्रति लिटर यांच्यात सुमारे अठरापटीचा फरक आहे, ५.५ आणि ९९ ही एकच साखर. बाहेरच्या प्रयोगशाळेतून रिपोर्ट येत असतील तर त्यांचं एकक आधी विचारून घ्या.

तारीख: ०३-०४ म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? महिना अक्षरांत दाखवा, वाद मिटतो.

निदानासाठी आणि तपासण्यांसाठी स्वतःचे संकेतांक बनवू नका. निदानासाठी जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीडी वर्गीकरण आहे. त्याची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी दहावी अजून बऱ्याच ठिकाणी चालते. प्रयोगशाळेतल्या तपासण्यांसाठी लॉइंक ही संकेतांकांची प्रमाण यादी आहे. घरगुती संकेतांक पहिलं वर्षभर सोपे वाटतात. दुसऱ्या रुग्णालयाशी माहितीची देवाणघेवाण करायची वेळ आली की सगळं नव्याने करावं लागतं.

आणि सगळंच ड्रॉपडाउनमध्ये कोंबू नका. जे पुढे मोजायचं आहे ते यादीतून निवडू द्या. रुग्ण काय म्हणाला ते मोकळेपणाने लिहू द्या. “जिना चढताना दम लागतो, सपाटीवर नाही” हे वाक्य ‘धाप: होय’ या खुणेपेक्षा डॉक्टरला जास्त सांगतं.

## पायरी ५: आता सॉफ्टवेअर पाहा

विक्रेता दाखवतो ते पाहू नका. पहिल्या पायरीतले ते पाच रुग्ण (नावं बदलून) त्याच्यापुढे ठेवा आणि तुमच्याच माणसाला स्क्रीनसमोर बसवा. माउस विक्रेत्याच्या हातात जाऊ देऊ नका. एका साध्या औषधचिठ्ठीला किती क्लिक आणि किती सेकंद लागतात ते मोजा, आणि कागदावर लागणाऱ्या वेळेशी ताडून पाहा. दिवसाला साठ रुग्ण आणि प्रत्येकी एक जादा मिनिट म्हणजे रोजचा एक तास. तो तास कुठून आणणार, याचं उत्तर खरेदीआधी हवं.

विचारायचे प्रश्न थोडेच, पण उत्तरं लेखी घ्या:

- माझी सगळी माहिती वाचता येईल अशा स्वरूपात बाहेर काढता येते का? “येते” यावर समाधान मानू नका. चाचणीच्या नोंदी भरून तिथल्या तिथे काढून दाखवायला सांगा.
- दुसऱ्या प्रणालींशी बोलण्यासाठी एफएचआयआर हे मानक चालतं का? एक्स-रे आणि स्कॅनसाठी डायकॉम?
- कोणी, कधी, कोणाची नोंद उघडली याची नोंद राहते का, आणि ती पुसता येते का? (पुसता येत असेल तर ती असून नसल्यासारखी.)
- इंटरनेट गेल्यावर नेमकं काय चालू राहतं?
- कंपनी बंद पडली किंवा करार संपला तर माहिती किती दिवसांत आणि कशी परत मिळेल?

नेहमीची चूक: सुविधांची यादी पाहून निवड करणे. ऑनलाइन सल्ला, रुग्णांसाठी ॲप, बोललेलं टाइप करणारी सोय, हे सगळं चांगलंच आहे, पण नोंदणी आणि औषधचिठ्ठी नीट चालायला लागल्यावर. ज्या दवाखान्यात एका रुग्णाच्या तीन नोंदी आहेत, तिथे ॲप आणलं की त्या तीन नोंदी रुग्णाच्या फोनवरही दिसतात, एवढाच फरक पडतो.

## पायरी ६: जुन्या माहितीतलं काय आणायचं

सगळं नाही. चाळीस वर्षांचे केसपेपर स्कॅन करायचा मोह होतो, आणि त्यातून तयार होतो कोणीही न उघडणारा चित्रांचा ढीग. पुढच्या भेटीत डॉक्टरला लागेल तेवढंच हाताने भरा: ॲलर्जी, चालू औषधं, दीर्घकालीन आजार, शस्त्रक्रिया, लसीकरण, आणि शेवटचे महत्त्वाचे रिपोर्ट. बाकी कागद जपून ठेवा आणि नव्या नोंदीत जुन्या फाइलचा क्रमांक लिहा. फाइल किती वर्षं ठेवायची हे तुमच्याकडच्या कायद्यानुसार ठरेल.

भरणारा एक आणि तपासणारा दुसरा, असं जोडीने करा. ॲलर्जीच्या रकान्यात तीन वेगळी उत्तरं हवीत: ‘आहे’, ‘विचारलं, नाही’, आणि ‘विचारलेलं नाही’. रिकाम्या चौकोनाला ‘ॲलर्जी नाही’ समजलं जातं. ही चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता कोणतीही प्रणाली दाखवली की आधी तोच रकाना उघडून बघतो.

## पायरी ७: लॉगिन आणि अधिकार

प्रत्येकाचं लॉगिन वेगळं. हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि तरी सगळा वॉर्ड एकाच सिस्टरच्या पासवर्डवर चालतो. ओरडून उपयोग नाही. लॉगिनला चाळीस सेकंद लागत असतील आणि दर वीस मिनिटांनी पुन्हा करावं लागत असेल तर माणसं वाट काढणारच. कार्ड टेकवून उघडणारं लॉगिन किंवा एकाच्या जागी दुसऱ्याचं लॉगिन झटकन उघडण्याची सोय करा, म्हणजे पासवर्ड वाटून घेण्याची गरज उरत नाही.

नोंदणीच्या खिडकीला निदान दिसायचं कारण नाही. तातडीच्या वेळी मात्र डॉक्टरला कोणतीही नोंद उघडता आली पाहिजे, कारण लिहून, आणि दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते कारण वाचलं पाहिजे.

## पायरी ८: प्रणाली बंद पडेल असं धरून चाला

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत अंदाजे १९,००० हून अधिक भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेली होती. अनेक संगणकांवर ती घातलीच नव्हती. तेव्हा अपडेट कोण घालणार आणि कोणत्या वारी, हे नावानिशी ठरवा.

बॅकअपचा नियम जुनाच आणि पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक इमारतीबाहेर. त्यातली एक कायम तारेपासून सुटी ठेवा, कारण जोडलेली प्रत व्हायरस तितक्याच आनंदाने कुलूपबंद करतो.

तपासा: बॅकअपमधून खरोखर एक रुग्ण परत आणून दाखवा, वेगळ्या संगणकावर. ‘बॅकअप यशस्वी’ असा हिरवा संदेश हा पुरावा नाही. हे दर तीन महिन्यांनी करा.

शिवाय प्रत्येक विभागात छापील कोऱ्या फॉर्मचा एक संच आणि भरती रुग्णांच्या चालू औषधांची रोज छापलेली यादी ठेवा. वीज आल्यावर कागदावरची माहिती आत कोण आणि किती वेळात भरणार, हेही त्याच संचावर लिहा. बंद पडलेल्या तासांतले डोस नोंदलेच गेले नाहीत तर ते दुसऱ्यांदा दिले जाऊ शकतात.

## पायरी ९: सुरुवातीचा दिवस

२००५ साली पिट्सबर्गमधल्या एका बालरुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे संगणकावरून औषधांच्या ऑर्डर देण्याची प्रणाली सहा दिवसांत सगळ्या रुग्णालयात सुरू केली गेली. दुसरीकडून तिथे हलवून आणलेल्या मुलांमधला मृत्यूचा दर त्याआधी २.८० टक्के होता, नंतर ६.५७ टक्के झाला. पूर्वी गंभीर मूल वाटेत असतानाच औषधं आणि तपासण्यांची तयारी सुरू व्हायची; नव्या प्रणालीत मूल पोहोचून त्याची नोंदणी होईपर्यंत ऑर्डर देताच येईना. पूर्वी सेकंदांत लिहून होणाऱ्या ऑर्डरला मिनिट-दोन मिनिटं लागू लागली. पुढे सिॲटलच्या एका बालरुग्णालयाने तीच प्रणाली बसवली. त्यांनी आधीच्यांचे अनुभव समजून घेतले, नेहमी लागणाऱ्या ऑर्डरचे संच आधीच तयार ठेवले, आणि तिथे मृत्यूचा दर वाढला नाही.

तेव्हा:

१. एकाच विभागापासून सुरुवात करा, आणि तो तातडीचा विभाग नको.

२. पहिले दोन आठवडे भेटी निम्म्या ठेवा. हे सांगितलं की व्यवस्थापक नाक मुरडतात. पण वेळ जाणारच आहे. भेटी कमी केल्या नाहीत तर तो रुग्णांच्या रांगेतून जातो.

३. नेहमीच्या औषधांचे आणि तपासण्यांचे संच आधी भरून, डॉक्टरांकडून तपासून घ्या.

४. रुग्ण पोहोचण्याआधी ऑर्डर देता येते का, हे आधीच करून पाहा.

५. कागद आणि संगणक दोन्ही चालू ठेवायचे असतील तर शेवटची तारीख आधीच जाहीर करा, आणि त्या काळात खरी नोंद कोणती ते एका वाक्यात भिंतीवर लावा. दोन खऱ्या नोंदी म्हणजे एकही नाही.

६. मदतीला उभा राहणारा माणूस विभागातच हवा, फोनवर नको.

## पायरी १०: इशारे कमी ठेवा

पहिल्या दिवशी औषधांविषयीचे सगळे इशारे चालू करू नका. दर चिठ्ठीला पाच लाल चौकटी आल्या की तिसऱ्या दिवसापासून बोट आपोआप ‘पुढे’वर जातं, आणि त्या पाचांतली जीवघेणी चौकटही त्याच बोटाने बंद होते. साडेअडतीस गोळ्यांचा इशारा असाच गेला. ॲलर्जी, डोसची कमाल मर्यादा, आणि मोजक्या धोकादायक जोड्या एवढ्यांपासून सुरू करा. दर महिन्याला कोणता इशारा किती वेळा डावलला गेला ते पाहा. जो जवळजवळ दर वेळी डावलला जातो तो बंद करा किंवा बदला.

## पायरी ११: पहिल्या महिन्यानंतरची फेरी

दुसऱ्या पायरीतले आकडे काढा आणि तीच मोजणी पुन्हा करा. दुहेरी नोंदी शोधा. नाव आणि जन्मवर्ष सारखं असलेल्या जोड्यांची यादी पुरेशी आहे. निदानाच्या यादीत ‘इतर’ सगळ्यात वर आलं असेल तर यादी चुकली आहे. सकाळी नऊच्या बीपीची नोंद संध्याकाळी सहाला होत असेल, तर आकडा मधले तास कुठेतरी दुसरीकडे लिहिलेला असतो.

मग विभागात जा आणि ती वही शोधा. बहुतेक कीबोर्डच्या खाली किंवा खणात असते. सापडली की जप्त करू नका, चाळा. एका वॉर्डातल्या वहीत मला फक्त खाट क्रमांक, सलाइन संपण्याची वेळ आणि रात्री कोणत्या नातेवाइकाला उठवायचं, एवढंच लिहिलेलं दिसलं. प्रणालीत सलाइन सुरू केल्याची वेळ होती, संपण्याची नव्हती. तो रकाना घातला, आणि पुढच्या फेरीत वहीत उरली ती फक्त नातेवाइकांची नावं.